जुन्या शेव्हरोलेला हायवेचा वेग

1947 ते 1953 या काळातली अमेरिकेची शेव्हरोले 3100 पिकअप बनली ती शेतमाल ओढायला. मागच्या अ‍ॅक्सलचं प्रमाण 4.11, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे 4.11 फेरे. 28 इंची टायरवर ताशी 60 मैल गाठताना इंजिन मिनिटाला जवळपास 2,960 फेरे घेतं. त्या सहा सिलिंडरच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तेल मिळतं ते मुख्यतः उडवून. तासन्‌तास एवढा वेग म्हणजे त्याचा छळच.

3.08 प्रमाणाचा अ‍ॅक्सल बसवला की तेच फेरे 2,220 वर येतात.

पण काम नुसतं नटबोल्टचं नाही. जुना शाफ्ट बंद नळीत फिरतो आणि ती नळी गिअरबॉक्सला जोडलेली असते. म्हणून नव्या अ‍ॅक्सलला लागणाऱ्या उघड्या शाफ्टसाठी गिअरबॉक्सही बदलावा लागतो किंवा जोडभाग घालावा लागतो. कमानपाट्यांच्या बैठका नव्याने वेल्ड करताना पिनियनचा कोन अचूक साधायलाच हवा. चुकला तर गाडी थरथरते, शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस लवकर झिजतात.

स्पीडोमीटरचा गिअरही बदलावा. नाहीतर काटा 60 दाखवेल आणि गाडी 80 मैलांनी धावत असेल. जुन्या ब्रेकांवर हे धोक्याचं. 3.08 वर चढावर मात्र जोर कमी पडतो. रोज ओझं वाहणाऱ्याने 3.55 वर थांबावं.