स्थिर हाताचा अभिमान आणि टेकलेली सुई

सुरतेच्या उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांत, जिथे जळगावकडून आलेल्या लोहमार्गाबरोबर येऊन स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांमुळे मराठी बोली कानी पडणे नवलाचे नाही, मागांची आणि भरतकामाच्या संगणकीय यंत्रांची इलेक्ट्रॉनिक कार्डे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांमध्ये एक समजूत अशी दृढमूल झाली आहे की, तिच्याविरुद्ध बोलू पाहणाऱ्याच्या कौशल्याविषयीच आधी संशय घेतला जातो. हँड्सफ्री प्रोब, म्हणजे जड बैठकीवरच्या वाकत्या दांड्याला बसवलेली आणि स्वतःच्या वजनाने किंवा स्प्रिंगच्या जोराने कार्डावर टेकून राहणारी सुई, हे नवशिक्यांचे चोचले आहेत. ज्याचा हात स्थिर, त्याला त्याची गरज काय, असा हा युक्तिवाद आहे.

स्थिर हाताची थोरवी कोणी नाकारीत नाही. परंतु तोच हात मोजमापात ढवळाढवळ करतो, ही वस्तुस्थिती मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. भरतकामाचे यंत्र दिवसभर थरथरत असते, त्याचे कार्ड तापते आणि निवते, आणि या दुहेरी जाचाने एखाद्या घटकाच्या पायाखालच्या डाखाला डोळ्यांना न दिसणारा तडा जातो. कारागीर ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात तो हाच विकार. आता मल्टिमीटरची सुई त्या पायावर जोराने दाबली की तडा तेवढ्यापुरता मिटतो, मीटर बरोबर आकडा दाखवते, कार्ड निर्दोष असल्याचा निर्वाळा मिळतो आणि यंत्रात बसवताच ते पुन्हा बंद पडते. नाडी पाहणाऱ्या वैद्याने मनगट आवळून धरले तर नाडीच लागत नाही, तसाच हा प्रकार होय. आणि हात जितका भक्कम, तितकी फसगत मोठी.

टेकलेल्या सुईचा दाब हलका असतो आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो सारखा असतो. अर्थात दाब हलका असला तरी तो दाबच, म्हणून जाणता कारागीर संशयित पायावर सुई न ठेवता त्या पायापासून निघालेल्या ट्रॅकवर ठेवतो, आणि मग दुसरी सुई पायावर अलगद टेकवून दोन्हीकडचे माप ताडून पाहतो. पायावर संदेश आहे आणि ट्रॅकवर नाही, असे दिसले की दोषाची रुजुवात झाली. संरक्षक वार्निशचा लेप असलेल्या कार्डावर मात्र नुसते टेकणे पुरत नाही, तेथे मापाच्या जागेपुरता लेप आधी खरवडावा लागतो. अधिक जोर लावणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

दुसरा मुद्दा निव्वळ हिशोबाचा आहे. मोटरच्या एन्कोडरचे ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन संदेश एकमेकांपासून पाव आवर्तनाने सरकलेले आहेत की नाहीत हे पाहताना त्याच वेळी त्याचा ५ व्होल्टचा पुरवठाही खचत नाही ना, हे तपासायचे असेल, तर तीन सुया आणि एक अर्थिंगची तार इतक्या गोष्टी एकाच वेळी धराव्या लागतात, आणि विधात्याने कारागिरालाही हात दोनच दिले आहेत. त्यातून बिघाड यंत्र तापल्यावर अर्ध्या तासाने प्रकट होणारा असेल, तर तितका वेळ ०.५ मिलिमीटर अंतरावरच्या पायांपैकी नेमक्या एकावर सुई धरून नजर मीटरच्या पडद्याकडे वळवणे म्हणजे शॉर्टला निमंत्रणच होय. २४ व्होल्टचा स्पर्श शेजारच्या ३.३ व्होल्टच्या पायाला एकदा घडला की मूळ दोष शोधण्याचे प्रयोजनच उरत नाही. मोठ्या कारखान्यांत तयार कार्डे तपासताना शेकडो स्प्रिंगच्या सुयांचा साचा किंवा यंत्राने हालणाऱ्या सुया वापरण्याचा शिरस्ता आहे. तेथील अभियंत्यांचे हात थरथरतात म्हणून ही तजवीज झाली, असे कोणी म्हणणार आहे काय?

आता इतर गैरसमजांकडे वळू.

‘बोटांनी सुया धरल्या तरी मापात फरक पडत नाही.’ पडतो: १० लक्ष ओहमचा रोधक मोजताना दोन्ही धातूच्या टोकांना बोटे लागली आणि शरीराचा रोध ५ लक्ष ओहम असला, तर मीटर ३.३ लक्षांच्या आसपास दाखवील.

‘प्रोब हा केवळ साक्षीदार असतो.’ ऑसिलोस्कोपच्या प्रोबचे माहितीपत्रक पाहावे: १ पटीच्या स्थितीत त्याची धारकता सुमारे १०० पिकोफॅरड, १० पटीच्या स्थितीत १० ते १५; आणि घड्याळाच्या ३२.७६८ किलोहर्ट्झच्या स्फटिकाला अपेक्षित भारच १२.५ पिकोफॅरडच्या आसपास असल्याने, पहिल्या स्थितीतला प्रोब लागताच चालू स्फटिक बंद पडू शकतो.

‘अर्थिंगची तार लांब असली तर सोयच.’ पंधरा सेंटिमीटरची तार आणि १० पिकोफॅरडचा प्रोब मिळून सुमारे १३० मेगाहर्ट्झला स्वतःचाच नाद काढतात, आणि तो कार्डाचा दोष म्हणून गणला जातो.

‘ही चैन महाग आहे.’ स्प्रिंगची पिन, जड लोखंडी बैठक आणि वाकता दांडा यांतून कामापुरता प्रोब दुकानातच तयार होतो.

शेवटचा गैरसमज असा की, हात दूर राहिला म्हणजे धोका टळला. कार्डाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या मुख्य कपॅसिटरवर, २३० व्होल्टचा पुरवठा एकदिश होताच, सुमारे ३२५ व्होल्टचा दाब उभा राहतो, तर आयईसी ६१०१० हे मानक कोरड्या जागी ३० व्होल्ट एसी किंवा ६० व्होल्ट डीसी यापलीकडचा दाब धोक्याचा मानते. उघड्या धातूची, निसटू शकणारी सुई तेथे चालू वीजपुरवठ्यात टेकवण्याची मुभा नाही. शिवाय ऑसिलोस्कोपची अर्थिंगची क्लिप त्या भागाला लावली की शॉर्ट होतो, म्हणून त्याच्या प्लगची अर्थिंगची पिन कापण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, त्याने शॉर्ट टळतो खरा, पण ऑसिलोस्कोपची धातूची पेटीच जिवंत होते. सिरीज बल्बही येथे पुरत नाही: तो प्रवाह आवरतो, कार्डाला मुख्य पुरवठ्यापासून विलग करीत नाही. कार्डाला विलगक ट्रान्सफॉर्मर द्यावा किंवा डिफरन्शियल प्रोब वापरावा. आणि पिन कापा म्हणणारा मिस्त्री कितीही निष्णात असो, त्याचा हा एक सल्ला तेवढा ऐकू नये.