पोर्टमहोमॅकचा फोन

1994 चा उन्हाळा. स्कॉटलंडच्या उत्तरेकडचं पोर्टमहोमॅक, समुद्रकाठचं एवढंसं गाव. तिथे राहणाऱ्या अ‍ॅन पेरी यांचं वय पंचावन्न. व्हिक्टोरियन लंडनमधल्या खुनांच्या कादंबऱ्यांवर त्यांनी नाव कमावलेलं. फोन त्यांच्या एजंटचा होता. न्यूझीलंडमधली एक पत्रकार काहीतरी भलतंच विचारतेय, म्हणे तुम्ही कोणे एके काळी खून केला होता. असली अफवा फेटाळूनच लावायला हवी.

फेटाळता येणार नाही, पेरी म्हणाल्या. ते खरं आहे.

22 जून 1954. ख्राइस्टचर्चमधल्या व्हिक्टोरिया पार्कात चहा घेऊन ऑनोरा पार्कर उतरणीच्या पायवाटेने निघाली. सोबत तिची सोळा वर्षांची मुलगी पॉलिन आणि पॉलिनची पंधरा वर्षांची जिवलग मैत्रीण ज्युलिएट ह्यूम. ज्युलिएटच्या आईवडिलांचं फाटलं होतं, तिला दक्षिण आफ्रिकेला पाठवायचं घाटत होतं. पॉलिनला सोबत जायचं होतं, आणि आई जाऊ देणार नाही याबद्दल दोघींची खात्री होती. वाटेवर एक गुलाबी खडा मुद्दाम टाकलेला. तो बघायला ऑनोरा वाकली, आणि मोज्यात बांधलेली अर्धी वीट तिच्या डोक्यावर बसली. एकदा नाही, वीसहून जास्त वेळा. सगळा बेत पॉलिनच्या डायरीत लिहून ठेवलेला सापडला. वय कमी म्हणून फाशी टळली. पाच वर्षांनी दोघी सुटल्या.

ज्युलिएटने आईच्या नव्या जोडीदाराचं आडनाव घेतलं: पेरी. 1979 मध्ये पहिली कादंबरी आली, ‘द केटर स्ट्रीट हँगमन’. पुढची पंधरा वर्षं कुणाला संशय आला नाही. मग पीटर जॅक्सनने या खुनावर ‘हेवनली क्रीचर्स’ हा चित्रपट केला, त्या मुली आता कुठे असतील अशी कुजबुज सुरू झाली, आणि लिन फर्ग्युसन या पत्रकाराने माग काढत पेरींना गाठलं.

मला मात्र राहून राहून 1990 च्या एका पुस्तकाचं नवल वाटतं. ‘द फेस ऑफ अ स्ट्रेंजर’चा नायक विल्यम मंक हा पोलीस अपघातानंतर इस्पितळात जागा होतो तो स्मृती गमावूनच. एका खुनाचा तपास करता करता त्याला भीती वाटू लागते की खुनी आपणच असू. चार वर्षं हे पुस्तक दुकानांत उघड्यावर पडून होतं. वाचकांनी कथानकाला दाद दिली आणि पान उलटलं. कादंबरीत कबुलीजबाब शोधायची खोड वाईट, हे मान्य. पण मंकपाशी येऊन माझाही हात थबकतो.

फोन ठेवल्यावर पेरींना धास्ती वाटली ती आपल्या म्हाताऱ्या आईची. हा धक्का तिला सोसेल का?