वालूरची बारव, दुधनेचं धरण

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात एका पाण्यापायी गावं उठली आणि दुसऱ्या पाण्यासाठी गाव खड्ड्यात उतरलं.

उठली ती ब्रह्मवाकडीच्या निम्न दुधना धरणामुळे. दुधना नदी अडली, सुमारे 344 दशलक्ष घनमीटर साठ्याची सोय झाली. सेलू, परतूर, मंठा या तालुक्यांतली गावं पाण्याखाली गेली आणि माणसं नव्या गावठाणांत आली. पुनर्वसन म्हटलं की 18 नागरी सुविधांची यादी पुढे येते. पाणी, वीज, आतले रस्ते, शाळा, स्मशानभूमी... यादीला नावं ठेवायचं कारण नाही. ती पुरी व्हायला किती पावसाळे लागतात, ते धरणग्रस्तांनाच विचारावं! पण सगळ्या सुविधा आल्या तरी पारावरची बैठक आखीव प्लॉटांत लगेच भरत नाही. 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत 52 गावं नव्या जागी वसवली, तिथंही भिंतीला भिंत लावून राहिलेल्यांना रुंद रस्त्यांची सवय करून घ्यावी लागली.

याच तालुक्यातल्या वालूरकरांना उठावं लागलं नाही. त्यांचं गाव जागेवर होतं, हरवली होती ती बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. नळ आले, बोअर आले, आणि गावाला पाणी पाजणाऱ्या बारवेत केरकचरा, माती नि झुडपं साचली. 2021 च्या सुमारास गावकरी टोपली-फावडी घेऊन उतरले. राज्यभर रोहन काळे यांची बारव मोहीम सुरू होती, तिचंही बळ मिळालं. गाळ निघाला तशी खालची रचना उघडी पडली. महाराष्ट्रातल्या बहुतेक बारवांत पायऱ्या सरळ खाली जातात. वालूरच्या पायऱ्या भिंतीला धरून वळत उतरतात. काठावरून पाहिलं तर दगडाचा भोवराच. खाली जाणारा माणूस फिरत फिरत पाण्याशी पोचतो. पुढे टपाल खात्याने राज्यातल्या निवडक बारवांची चित्रं पोस्टकार्डांवर छापली, त्यांत वालूरची बारवही आहे.

एका बारवेने गाव स्वयंपूर्ण होत नाही, हे खरंच. त्यासाठी नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पाहावं. दुष्काळाने आणि दारूने माणसं गाव सोडून गेली होती. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी झाली, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई झाली. पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरू लागली, तेव्हा बाहेर गेलेली कुटुंबं परतली. वालूरने गाळ काढला. पाण्याचा हिशेब मांडणं ही पुढची पायरी आहे, आणि ती अवघड आहे.

सेलू मनमाड-परभणी रेल्वेमार्गावर आहे, तिथून वालूरला रस्त्याने जाता येतं. बारवेत जपून उतरा, आणि पाण्याची रिकामी बाटली आठवणीने परत न्या.