कातळावरील कीटकभक्षी वनस्पती : गवती दवबिंदू

पावसाळ्याच्या उत्तरार्धात कोकणातील सड्यांवर व साताऱ्याजवळील कास पठारावर गवतात एक नाजूक तांबूस रोपटे दिसते. ऊन चढले तरी त्याच्या पानांवरील दव सुकत नाही. कारण ते दव नसून चिकट द्रव असतो. गवती दवबिंदू या नावाने ही वनस्पती ओळखली जाते. तिचे शास्त्रीय नाव ड्रॉसेरा इंडिका असून ते लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली दिले. भारताखेरीज श्रीलंका, आग्नेय आशिया व आफ्रिकेचा उष्ण प्रदेश येथेही ती आढळते.

ही वनस्पती वर्षायू आहे. खोड बारीक, पाने दोऱ्यासारखी अरुंद व लांब, तर फुले गुलाबी किंवा पांढरी, पाच पाकळ्यांची असतात. पानांवरील प्रत्येक केसाच्या टोकाशी द्रवाचा थेंब असतो. त्यास भुलून चिलट अथवा मुंगी पानावर आली की चिकटून बसते. तिच्या धडपडीने शेजारचे केसही तिच्याकडे वाकतात. नंतर पाचक रस स्रवून तिच्या शरीराचा मऊ भाग विरघळतो व पान तो शोषून घेते. या कुळातील वनस्पतींच्या पचनक्रियेवर चार्ल्स डार्विन याने केलेले प्रयोग १८७५ साली प्रसिद्ध झाले.

मग हिला कीटकांची गरज का भासते? जांभ्या कातळावर मातीचा थर अगदी पातळ असतो. मुसळधार पावसाने त्यातील नत्र व इतर पोषक द्रव्ये वाहून जातात. इतर वनस्पतींप्रमाणे ही वनस्पती सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करते; परंतु जमिनीत नसलेले नत्र व स्फुरद तिला कीटकांपासून मिळवावे लागते. म्हणून ती बांडगुळासारखी परोपजीवी नव्हे. पिकावरील किडींच्या बंदोबस्तासाठीही तिचा उपयोग नाही. फार लहान कीटकच तिच्या तावडीत सापडतात.

जमीन सुपीक करणे हे शेतकऱ्याचे नित्याचे काम होय. या रोपट्यास मात्र तीच सुपीकता घातक ठरते. खत पडताच उंच गवत माजते, त्याची सावली पडते व दवबिंदू नाहीसा होतो. चिऱ्यांच्या खाणीसाठी कातळ तोडल्यास अथवा वरची माती उचलून नेल्यास त्याचे बीही उरत नाही.

पश्चिम घाटाबरोबर कास पठाराचा समावेश २०१२ साली जागतिक वारशात झाला. गावोगावचे सडे मात्र आजही ‘पडीक’ म्हणूनच ओळखले जातात. ग्रामसेवकांनी भाद्रपदात शेतकऱ्यांना व शाळेतील मुलांना सड्यावर नेऊन हे रोपटे दाखवावे. ते उपटू मात्र देऊ नये. ज्या जमिनीत पीक येत नाही ती निरुपयोगी असतेच असे नाही, ही गोष्ट तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते.