एमआरआय नॉर्मल, तरी कंबर दुखतेच

कंबर धरली की खापर फुटतं ते मणक्यावर, गादीवर, नाहीतर वयावर. अमेरिकेतल्या बोइंगच्या विमान कारखान्यात झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मात्र भलतंच काही निघालं. ३,०२० कामगारांची ताकद, लवचिकता वगैरे सगळं आधी मोजून ठेवलं आणि पुढची काही वर्षं कंबरदुखीची तक्रार कोण घेऊन येतं, ते पाहिलं. आधीपासून कंबर दुखत असेल तर ती पुन्हा दुखणार, हे अपेक्षितच होतं. पण त्याखालोखाल भरवशाची खूण ठरली ती कामाची नावड. काम सहसा आवडतच नाही म्हणणाऱ्यांत तक्रारीचं प्रमाण कामावर खूश असणाऱ्यांच्या अडीचपट होतं.

'म्हणजे सोंगं करत होते!' असं एखादा सुपरवायझर म्हणेल. तसं नाही. वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून वर जात असताना मेंदूकडून खाली येणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटा तो दाबू शकतात किंवा भडकवूही शकतात. या वाटांवर सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही रसायनं काम करतात. नैराश्यावरच्या औषधांचा रोखही यांच्यावरच असतो, म्हणून अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन या गोळ्या नसांच्या दुखण्यावरही देतात. गोळीचं नाव मोबाइलवर शोधून 'मला काय वेड लागलंय का?' म्हणत ती परस्पर बंद करणारे रुग्ण असतातच.

एकटेपणाचं काय? २००३ साली नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसांना संगणकावर चेंडूफेकीचा खेळ दिला. थोड्या वेळाने बाकीचे 'खेळाडू' त्यांच्याकडे चेंडू टाकेनासे झाले. तेवढ्यानेही शारीरिक वेदनेत जागा होणारा मेंदूचा एक भाग सक्रिय झाला. हा भाग इतरही अनेक कामांत जागा होतो, त्यामुळे 'एकटेपणा म्हणजे वेदनाच' असं छातीठोक सांगणाऱ्यांपासून जरा जपून.

तीन महिन्यांहून अधिक टिकलं की दुखणं दीर्घकालीन. तोवर रजा संपते, चहाच्या टपरीवरची मंडळी फोन करायची थांबतात, रात्रीची झोप उडते आणि न झालेल्या झोपेने दुसऱ्या दिवशी कंबर जास्तच ठणकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकालीन वेदनेला स्वतंत्र स्थान आहे. पण गर्दीच्या ओपीडीत 'कामावर कसं चाललंय, घरी कोण असतं?' विचारायला वेळ लागतो. एमआरआय लिहून देणं पटकन होतं.