ब्रेकचे पेडल काय सांगते?

पुणे–सोलापूर रस्त्याने पुण्याहून निघालात, की यवत आणि चौफुला मागे टाकल्यावर सुमारे ६० किलोमीटरवर वरवंड लागते. उसाच्या हंगामात या रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहून पाहा. उसाने खच्चून भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मालमोटारी, एस.टी., मोटारी आणि सायकलवरून शाळेला निघालेली मुले, सारे तुम्हाला दिसतील. गाडी किती वेगाने धावते याचे आपल्याला कौतुक असते. पण या सर्वांचा जीव अवलंबून असतो तो ती वेळेवर थांबते की नाही, यावर.

गाडी थांबते तेव्हा नेमके काय होते? आणि थांबेनाशी होते तेव्हा काय बिघडलेले असते? याचे बरेचसे उत्तर तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातच आहे.

वेगाची उष्णता होते

समजा, १००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. हा वेग सेकंदाला १६.७ मीटर होतो. गतिज ऊर्जेच्या सूत्रात या संख्या घालून पाहा. उत्तर येईल सुमारे १ लाख ३९ हजार ज्यूल. गाडी थांबली म्हणजे ही ऊर्जा कुठे जाते? ती नाहीशी होऊ शकत नाही. पॅड डिस्कवर किंवा लायनर ड्रमवर घासतात आणि तिची उष्णता होते. एवढ्या उष्णतेने अर्धा लिटर पाणी २५ अंशांपासून ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापेल! ब्रेक एकदा दाबला, की एवढी उष्णता ड्रम-डिस्कना झेलावी लागते आणि वाऱ्यावर सोडून द्यावी लागते.

आता हीच मोटार खंडाळ्याहून बोरघाट उतरून खोपोलीकडे येत आहे असे समजा. उतार सुमारे ५०० मीटरांचा. वेग वाढू द्यायचा नसेल तर स्थितिज ऊर्जेतले ४९ लाख ज्यूल वाटेत खर्च करावे लागतील. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी ३५ वेळा थांबवण्याइतके हे काम आहे. काही वाटा हवेचा विरोध उचलतो. पण बाकीचे सारे ब्रेकवरच टाकले तर ते तापणारच. म्हणून जाणते चालक सांगतात, ‘ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.’ मग इंजिनच गाडीला रोखून धरते. इंधन वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा माणूस ही मदत नाकारतो.

पिचकारीचा प्रयोग

पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो कसा? सुई नसलेल्या इंजेक्शनच्या दोन नळ्या घ्या, एक लहान व एक मोठी. दोन्ही पाण्याने भरून प्लॅस्टिकच्या बारीक नळीने जोडा. आत हवा राहू देऊ नका. लहान नळीचा दट्ट्या दाबा. मोठा दट्ट्या लगेच उचलला जाईल, आणि तो बोटाने अडवायला बराच जोर लागेल. सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलने सांगितलेला नियम तो हाच : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो.

मोटारीत लहान दट्ट्या मास्टर सिलिंडरमध्ये असतो व मोठा चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये. पायाने २० किलो वजनाइतका जोर लावला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट केला, तर मास्टर सिलिंडरवर १०० किलो जोर येतो. त्याच्या दट्ट्याचा व्यास २ सेंटिमीटर व कॅलिपरच्या दट्ट्याचा ५ सेंटिमीटर असेल, तर क्षेत्रफळ सव्वासहा पट होते. म्हणजे पॅडवर ६२५ किलो!

आता प्रयोगातल्या नळीत मुद्दाम हवेचा मोठा बुडबुडा सोडा आणि पुन्हा दाबा. काय झाले? तुमचा दट्ट्या आत गेला, पण पलीकडचा जेमतेम हलला. पाणी सहजी दबत नाही, हवा दबते. तुमची मेहनत बुडबुडा दाबण्यात गेली. ब्रेकचा पहिला रोग तुम्ही हातानेच अनुभवलात.

पेडलची भाषा

वैद्य नाडी पाहतो, तसा चांगला मेकॅनिक आधी पेडल दाबून पाहतो.

पेडल स्पंजासारखे मऊ लागते. बहुधा नळ्यांत हवा शिरली आहे. उपाय म्हणजे हवा काढणे. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाजवळचे निपल सैल करतो. बुडबुड्यांसह ब्रेक ऑइल बाहेर येते. निपल घट्ट केल्यानंतरच पहिल्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर काय होईल, ते पिचकारीवर करून पाहा.

पेडल दाबून धरले की हळूहळू खाली जाते. तेल कुठेतरी निसटते आहे. चाकाच्या आतल्या बाजूस ओल दिसते का पाहावे. बाहेर थेंबही नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी सील झिजून तेल आतल्या आत मागे जात असेल.

पेडल दगडासारखे कठीण लागते व गाडी थांबत नाही. येथे संशय बूस्टरवर. बूस्टरच्या पडद्याच्या एका बाजूला इंजिन हवा विरळ करते आणि दुसऱ्या बाजूने वातावरणाचा दाब मदतीला येतो. परीक्षा सोपी आहे : इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारा, मग ते दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक. उतारावर इंजिन बंद करणे किती धोक्याचे, हेही यावरून कळेल.

गाडी एका बाजूला ओढते. एका बाजूच्या लायनरवर तेल वा ग्रीस आले असेल, कॅलिपर अडकला असेल, किंवा नुसती टायरमधील हवा कमी-जास्त असेल. शेवटचे कारण आधी तपासावे; ते सर्वांत स्वस्त!

किंचाळण्याचा किंवा खरखरीचा आवाज येतो. पॅड झिजत आल्याची ती सूचना असू शकते. पुढे लोखंडावर लोखंड घासू लागते आणि डिस्कही वाया जाते.

घाटात पेडल एकाएकी तळाला जाते. हा सर्वांत दगलबाज दोष. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रकारच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले, की ही मर्यादा १४० अंशांवर येते. तापलेल्या ब्रेकजवळ असे तेल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात, आणि पुढचे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून तेल भरलेले दिसले तरी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत ते बदलावे. त्याच्या जागी इंजिनचे तेल कधीही ओतू नये; त्याने रबरी सील फुगून निकामी होतात.

एस.टी. आणि ट्रॅक्टर

जड गाड्यांत द्रवाऐवजी दाबलेली हवा काम करते. एस.टी. थांबताना ‘फुस्स’ आवाज येतो तो तिचाच. हवा गळून गेली तर? त्यासाठी त्यांत जोरदार स्प्रिंग बसवलेली असते. हवेचा दाब तिला मागे रोखून धरतो. दाब गेला की स्प्रिंग स्वतःच ब्रेक लावते. अमेरिकेच्या जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये रेल्वेसाठी काढलेल्या स्वयंचलित ब्रेकमागेही हाच विचार होता. दौंड जंक्शनवर उभ्या असलेल्या गाडीचा डबा धावताना सुटला, तर नळी तुटून दोन्ही भागांचे ब्रेक आपोआप लागतात. बिघाड झाला तरी तो थांबण्याच्या बाजूने व्हावा, ही त्यातली युक्ती.

ट्रॅक्टरला बहुधा डाव्या-उजव्या चाकांसाठी ब्रेकची दोन वेगळी पेडले असतात. शेतात वळताना त्यांचा उपयोग होतो. रस्त्यावर मात्र ती कडीने एकत्र जोडलीच पाहिजेत; नाहीतर घाईत एकच दाबले जाईल आणि ट्रॅक्टर गर्रकन वळेल. मागे ट्रॉली असेल आणि तिला स्वतःचे ब्रेक नसतील, तर तिचा सारा भार ट्रॅक्टरच्याच ब्रेकवर येतो.

ब्रेक खोलून दुरुस्त करणे हे जाणत्या मेकॅनिकचे काम. तुम्ही ते करू नका. ड्रममधील धूळही फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. पण घरच्या गाडीच्या तेलाची पातळी पाहणे, पेडल कसे लागते ते वडीलधाऱ्यांना विचारणे आणि नेमके लक्षण मेकॅनिकला सांगायला लावणे तुम्हाला सहज जमेल.

आता वर्गात सोडवण्यासाठी एक उदाहरण. चालकाला सावध व्हायला १ सेकंद लागतो आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक गाडीचा वेग दर सेकंदाला सेकंदाला ७ मीटरने कमी करतात, असे धरा. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सुमारे ३७ मीटरांत थांबते. तीच गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने आली, तर किती अंतर लागेल? ४० मीटरवर एक मुलगी सायकल हातात धरून रस्ता ओलांडते आहे. उत्तर तिच्या अलीकडे येते की पलीकडे, ते काढून पाहा.