सतरा, वीस आणि सतरा

आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात समूहगान बसवण्याचे काम कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. कविता शिकवणाऱ्याला गाणेही कळत असणार, असा आमच्या प्राचार्यांचा उदार समज आहे. गतवर्षी तीस मुलांनी नावे दिली. मी एकेकाला पेटीजवळ उभे केले, 'सा' लावायला सांगितला आणि बारा नावांवर काट मारली. मी वही मिटत असताना त्यांतला एक मुलगा जवळ येऊन म्हणाला, "सर, मी मागे उभा राहून नुसते ओठ हलवले तर चालेल का?"

"पुढच्या वर्षी पाहू," मी म्हणालो. मास्तरांच्या भाषेत याचा अर्थ काय होतो, हे त्यालाही ठाऊक होते.

पुढे सुट्टीत योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराचे चरित्र वाचनात आले. बाख म्हटला की केसांचा टोप घातलेला एक महापुरुष डोळ्यांपुढे येतो. पण १७२३ साली तो लाइपझिग शहरात आला तो सेंट टॉमस शाळेच्या नोकरीवर. मुलांना गाणे शिकवायचे आणि त्यांच्याकडून शहरातल्या चर्चमध्ये ते म्हणवून घ्यायचे, हे त्याचे काम. करारात लॅटिन शिकवण्याचेही कलम होते. ते त्याने वर्षाला ५० थालर देऊन दुसऱ्या शिक्षकाच्या गळ्यात घातले. हे वाचून तो मला एकदम जवळचा वाटू लागला.

प्रत्येक रविवारी बायबलमधला कोणता उतारा वाचायचा हे ठरलेले असे आणि त्याच विषयाला धरून 'कँटाटा', म्हणजे वाद्यांच्या साथीने अनेक गाण्यांची एक माळ, सादर होई. उपवासाच्या काळासारखे काही आठवडे सोडले, तर हा क्रम वर्षभर चाले. दुसऱ्या वर्षी बाखने एक नवा संकल्प सोडला. ११ जून १७२४ पासून प्रत्येक रचना एकेका जुन्या स्तोत्रावर उभारायची! ही स्तोत्रे लोकांना लहानपणापासून पाठ असत. कीर्तनकार एक अभंग घेऊन त्याच्यावर सारे निरूपण रचतो, तशातलाच हा प्रकार. पहिल्या रचनेत त्याने मूळ चाल सर्वांत वरच्या आवाजाला दिली, दुसरीत त्याखालच्या, तिसरीत त्याच्याही खालच्या आणि चौथीत सर्वांत खर्जातल्या. २५ मार्च १७२५ पर्यंत अशा सुमारे चाळीस रचना झाल्या. गाण्याचे कागद उतरवून काढायला विद्यार्थी आणि घरची माणसे बसत. एवढी सारी कलाकुसर झाल्यावर शेवटी बहुधा तेच स्तोत्र साध्या, सरळ चालीत म्हटले जाई.

हे सारे कोणाच्या गळ्यावर चालले होते? २३ ऑगस्ट १७३० रोजी बाखने नगरसभेला एक खलिता लिहिला. प्रत्येक वृंदात किमान बारा, शक्यतो सोळा गाणारे हवेत, असे त्याचे मागणे होते. मुले वरचेवर आजारी पडतात, आणि याला साक्ष म्हणून तो शाळेच्या डॉक्टरने औषधवाल्याला लिहून दिलेल्या चिठ्ठ्या पुढे करतो! अखेरीस तो आपल्या मुलांचा हिशेब देतो: सतरा उपयोगी, वीस अद्याप तयार न झालेले, सतरा अगदीच निरुपयोगी.

तो हिशेब वाचून मी थांबलो. माझ्या वहीत दोनच खाणी होती, घेतलेले आणि काटलेले. बाखच्या कागदावर मधले एक खाणे होते, आणि सर्वांत मोठा आकडा त्याच खाण्यात होता. शिवाय ज्यांना संगीत कळत नाही, जेमतेम स्तोत्र म्हणता येते, त्यांना सेंट पीटरच्या चर्चमध्ये धाडतो, असेही तो नोंदवतो. हे त्याने मोठ्या मनाने केले, असे मी म्हणत नाही. तो तक्रारीचाच कागद आहे आणि चार चर्चना मुले पुरवायची तर दुसरा इलाजही नव्हता. पण ज्या साध्या चालीवर त्याने आपले मनोरे रचले, तीच चाल या उरलेल्या मुलांनाही गाता येत होती. माझी बारा मुले मात्र प्रेक्षकांत बसली होती.

यंदा मी त्या मुलाला स्वतः बोलावून घेतले. गाणे निवडतानाच असे निवडले की ध्रुपद सर्वांना झेपावे आणि अवघड अंतरे निवडक आठजणांनी म्हणावेत. दोन पक्क्या सुरांच्या मुलींच्या मध्ये मी त्याला उभा करतो. पहिले पंधरा दिवस तो जवळजवळ ऐकूच येत नव्हता. आता ऐकू येतो, आणि कोमल निषादावर हटकून घसरतो. परवा तालमीनंतर आमचे एक सहकारी म्हणाले, "अहो, तो मुलगा तुमचे गाणे बिघडवतोय."

"थोडेसे," मी म्हणालो. "अजून तीन आठवडे आहेत."